पहाटेचे तीन तास: सरासरीत लपलेल्या एका स्लीप अ‍ॅप्नियाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ५३ वर्षांच्या एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नाव दिलेलं नाही. शाळेत त्यांना सगळे बाई म्हणतात, इथेही तेच म्हणू.

झोप लागत नाही अशी बाईंची तक्रार नव्हती. अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागायची. पण पहाटे तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडायचे, आणि मग उजाडेपर्यंत नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर. रात्रीतून दोनदा लघवीला उठावं लागे. सकाळी डोकं जड असे, तोंडाला कोरड पडलेली असे. दिवसा पेंग येत नव्हती, पण अंगात त्राण नसायचं. वर्गातल्या मुलांची नावं ऐनवेळी आठवेनाशी झाली होती. पाळी थांबून तीन वर्षं झाली होती, रक्तदाबाची एक गोळी चालू होती, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २८ होता.

त्या तीन वर्षांत बाई तीन डॉक्टरांकडे गेल्या. पहिल्यांनी रजोनिवृत्तीचा त्रास म्हणून धीर दिला. दुसऱ्यांनी बेन्झोडायझेपिन गटातली झोपेची गोळी कमी मात्रेत सुरू केली. तिसऱ्यांना नैराश्याची सुरुवात वाटली आणि त्यावरचं औषध चालू झालं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तातली साखर, सगळं तपासून झालं होतं आणि सगळं ठीक होतं. यातला कोणताच निष्कर्ष अडाणीपणाचा नव्हता. ५३ वर्षांची बाई पहाटे जागी होते, चिडचिड करते, थकलेली असते, हे ऐकलं की आधी याच शक्यता डोळ्यांसमोर येतात. मात्र ‘तुम्ही घोरता का?’ हा प्रश्न तिघांपैकी कोणीच विचारला नाही.

बाईंनीही आपणहून सांगितलं नाही. त्यांचे यजमान वर्षभरापासून दुसऱ्या खोलीत झोपत होते. ते रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात, असं घरात सांगितलं जाई. खरं कारण दोघांनाही माहीत होतं. पुरुष घोरला तर घरात त्याची थट्टा होते; बाई घोरत असेल तर तो विषयच काढत नाहीत. दवाखान्यातही हेच चित्र दिसतं: बायका स्वतःचं घोरणं कमी करून सांगतात किंवा सांगतच नाहीत. शिवाय खोल्या वेगळ्या झाल्या की रात्री काय घडतं ते पाहणारं कोणी उरत नाही.

पुढे मुलगी काही दिवस राहायला आली आणि आईच्याच खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आई, तू झोपेत मध्येच श्वास घ्यायची थांबतेस, मग एकदम दचकून घेतेस.” बाईंनी ते उडवून लावलं. तेव्हा मुलीने पहाटे चार वाजता फोनवर आवाज टिपला. आधी घोरणं, मग पूर्ण शांतता, आणि जवळजवळ अठरा सेकंदांनी धाप लागल्यासारखा मोठा श्वास. तो आवाज ऐकून कुटुंबाच्या डॉक्टरांनी बाईंना निद्राविकार विभागाकडे पाठवलं.

अडचण नेमकी काय होती

घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नसतो. जागेपणी तिथले स्नायू ती वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात, वाट अरुंद होते, आत ओढल्या जाणाऱ्या हवेने मऊ भाग थरथरतो, आणि त्यालाच आपण घोरणं म्हणतो. पातळ रबरी नळीतून जोरात हवा ओढली की ती चपटी होते, तशी ही वाट कधी पूर्ण मिटते. किमान दहा सेकंद हवेचा प्रवाह जवळपास बंद राहिला तर तो अ‍ॅप्निया. प्रवाह बंद न पडता बराच कमी झाला आणि त्यापायी ऑक्सिजन उतरला किंवा मेंदू क्षणभर जागा झाला, तर तो हायपॉप्निया. झोपेच्या एका तासात असे दोन्ही मिळून किती प्रसंग घडले, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र.

बहुतेक प्रसंग संपतात ते मेंदू काही सेकंद जागा झाल्यामुळे. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. रात्रीच्या लघवीचा संबंधही याच्याशीच आहे. मिटलेल्या वाटेतून श्वास ओढण्याच्या धडपडीत छातीतला दाब खाली जातो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. बाईंनी मात्र लघवीची तक्रार वेगळी आणि झोपेची वेगळी अशी मांडली होती, तीही वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे.

या प्रकरणाची किल्ली आहे ती रेम झोपेत, म्हणजे स्वप्नं पडतात त्या झोपेत. त्या अवस्थेत शरीराचे बहुतेक स्नायू जवळजवळ लुळे होतात, घशाचेही. आणि रेम झोपेचा मोठा भाग रात्रीच्या उत्तरार्धात येतो. काही जणांचा, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त, अ‍ॅप्निया मुख्यतः याच काळात असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधला अ‍ॅप्नियाचा धोका वाढतो. श्वासाला चालना देणारं प्रोजेस्टेरॉन तेव्हा खूपच कमी झालेलं असतं. इतकं ध्यानात घेतलं की ‘पहाटे तीनला जाग येते’ हे वाक्य वेगळंच ऐकू येतं.

निदानाचा रस्ता

स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची चाचणी बाईंनी आधी भरली असती तर ३ गुण आले असते: थकवा, रक्तदाब आणि पन्नाशीपुढचं वय. म्हणजे मध्यम धोका. तिच्यात पुरुष असण्याला एक गुण आहे आणि जाड मानेला एक. बाईंना हे दोन्ही मिळणार नव्हते. मुलीच्या रेकॉर्डिंगनंतर घोरणं आणि थांबलेला श्वास हे दोन गुण वाढले आणि बेरीज ५ झाली, म्हणजे जास्त धोका. आजार तोच होता, फक्त सांगायला साक्षीदार मिळाला.

दिवसाची पेंग मोजणाऱ्या एपवर्थ मापनात २४ पैकी ८ गुण आले. १० पर्यंत सामान्य धरतात. हा आकडा पाहून बरेच जण इथेच थांबतात. पण निद्रानाशाचे रुग्ण थकलेले असूनही आतून ताणलेले असतात, त्यांना दिवसाही डुलकी लागत नाही. अशा माणसाच्या बाबतीत कमी गुणांवरून फारसं काही सिद्ध होत नाही.

मग घरी करायची चाचणी झाली: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. ७ तास ४० मिनिटांच्या नोंदीत ४६ प्रसंग सापडले, म्हणजे तासाला ६. अहवालाचा निष्कर्ष असा: सौम्य, वजन कमी करावे, कुशीवर झोपावे.

पहिला निर्णयाचा क्षण हा होता. अहवाल मान्य करून फाइल बंद करणं सोपं होतं, आणि बाईंनाही तेच हवं होतं. पण विभागातल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे भाजक. घरच्या यंत्राला माणूस झोपलाय की जागा आहे हे कळत नाही. ते यंत्र चालू असल्याच्या वेळेने भागतं. बाईंच्या झोपेच्या डायरीप्रमाणे त्या रात्री झोप जेमतेम साडेचार तास झाली होती. तेच ४६ प्रसंग साडेचार तासांनी भागले की १० च्या वर जातात. शिवाय मेंदू जागा झाल्याने संपलेले पण ऑक्सिजन फारसा न उतरवणारे प्रसंग या यंत्राच्या हिशेबात येतच नाहीत, आणि स्त्रियांमध्ये नेमके असेच प्रसंग जास्त असतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ४६ पैकी ३१ प्रसंग पहाटे तीननंतरचे होते. बाईंच्या मते त्या तेव्हा जाग्याच होत्या. पण जाग्या माणसाचा ऑक्सिजन असा पायरीपायरीने उतरत आणि चढत नाही. म्हणजे झोप येत होती, दर वेळी मोडत होती, आणि बाईंच्या लक्षात राहत होतं ते फक्त जागेपण.

तेव्हा प्रयोगशाळेत पूर्ण रात्रीची पॉलिसोम्नोग्राफी करायचं ठरलं. तिच्यात मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीचा ताणही टिपतात, त्यामुळे झोपेची अवस्था कळते. एकूण झोप ५ तास १० मिनिटं भरली आणि एएचआय १९ आला, म्हणजे मध्यम. पण तो फोडून पाहिला तर साध्या झोपेत १३ आणि रेम झोपेत ४७. ऑक्सिजन सर्वांत खाली ८१ टक्क्यांपर्यंत गेला, तोही रेममध्येच. रेम झोप मिळाली होती फक्त ५५ मिनिटं. नैराश्यावरची बरीच औषधं रेम झोप दाबतात आणि बाईंचं औषध त्याच जातीचं होतं, त्यामुळे जे दिसलं ते कदाचित कमीच असेल.

पर्याय आणि त्यांवरची चर्चा

झोपेची गोळी तशीच चालू ठेवणं हा पर्याय पहिल्यांदा बाद झाला. अशी गोळी स्नायू सैल करते आणि मेंदूचं जागं होणं बोथट करते. अ‍ॅप्नियात तेच जागं होणं श्वास परत आणतं. मूळ कारण न शोधता ही गोळी देत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून सध्या मात्रेला हात लावला नाही.

वजनाचा मुद्दा खरा होता, पण पुरेसा नव्हता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घकालीन अभ्यासात वजन १० टक्क्यांनी घटलेल्यांचा एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला होता. बाईंच्या बाबतीत तेवढ्याने १९ चा १४ झाला असता, तोही कित्येक महिन्यांनी. टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली ती लठ्ठपणा असलेल्यांसाठी. २८ च्या बीएमआयला ते लागू होत नव्हतं.

बाईंचा कल खालचा जबडा पुढे धरणाऱ्या दातांवरच्या साधनाकडे होता. लहान, आवाज न करणारं, कोणाला न दिसणारं. सौम्य आणि मध्यम अ‍ॅप्नियात हा पर्याय योग्यच असतो. पण त्या साधनाचा भार दातांवर येतो, आणि दंतवैद्यांना हिरड्यांचा आजार व दोन हलणारे दात आढळले. तो पर्याय पुढे ढकलला, मोडीत काढला नाही. नाकाचा पडदा किंचित वाकडा होता. नुसती नाकाची शस्त्रक्रिया सहसा अ‍ॅप्निया घालवत नाही, त्यामुळे तिचा विचार सोडून नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे दिला.

राहिला सीपॅप. मुखवट्यातून सतत दाबाची हवा सोडून घशाची वाट आतून उघडी धरायची, ही कल्पना ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. आजही परिणामाच्या दृष्टीने ती सर्वांत भरवशाची आहे, अर्थात यंत्र लावलं तरच.

खरा मतभेद झाला तो क्रमावर. बाईंना दोन आजार होते: अ‍ॅप्निया, आणि तीन वर्षांत मुरलेला निद्रानाश. जागं पडून राहण्याची सवय, घड्याळाकडे पाहण्याची सवय, ‘आज तरी झोप येईल का’ ही धास्ती. हे सगळं अ‍ॅप्निया बरा झाला म्हणून आपोआप जात नाही. मानसोपचारतज्ज्ञांचं म्हणणं, आधी निद्रानाशाचा वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी-आय करावा. जागा माणूस मुखवटा सहन करत नाही. श्वसनविकारतज्ज्ञांचं म्हणणं, ऑक्सिजन ८१ पर्यंत जात असताना थांबायचं कशासाठी? यावरच्या चाचण्यांतही एकमत नाही. एका चाचणीत आधी सीबीटी-आय केलेल्यांनी सीपॅप जास्त वेळ वापरला, दुसरीत तसा फरक दिसला नाही. शेवटी दोन्ही जवळजवळ एकदमच सुरू करायचं ठरलं. सीबीटी-आयमध्ये अंथरुणातला वेळ आखडता घेतात, त्याची मर्यादा मात्र सहा तासांखाली न्यायची नाही, कारण अ‍ॅप्नियात आधीच झोप अपुरी असते.

उपचार सुरू झाले

दाब आपोआप बदलणारं यंत्र दिलं, ५ ते १२ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाची कक्षा ठेवून. तोंडाला कोरड पडते म्हणून पुरवठादाराने नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा निवडला. पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या आठवड्याअखेर सरासरी वापर ४ तास २० मिनिटांवर आला आणि अहवालात हिरवी खूण उमटली: वापर समाधानकारक.

ही चार तासांची रेघ सगळीकडे चालते. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याची अटही तीच आहे: ३० सलग दिवसांतल्या ७० टक्के रात्री किमान चार तास. पण बाईंना बरं वाटत नव्हतं. त्या यंत्र परत करायच्या विचारात होत्या, “माझ्यावर याचा उपयोग होत नाही” असं म्हणत होत्या.

या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णयाचा क्षण इथे आला. सरासरी बाजूला ठेवून तंत्रज्ञ ताईंनी तासागणिक आलेख उघडला. मुखवटा रात्री साडेदहाला चढत होता आणि जवळजवळ रोज तीन ते साडेतीनच्या दरम्यान उतरत होता. म्हणजे ज्या तासांत एएचआय ४७ होता, नेमक्या त्याच तासांत उपचार बंद. साडेचार तास यंत्र चालत होतं ते गरज कमी असलेल्या वेळी. विस्कॉन्सिनच्याच अभ्यासात रेममधल्या अ‍ॅप्नियाचा संबंध रक्तदाबाशी दिसून आला आहे, त्यामुळे हे तास सोडून देण्यासारखे नव्हते.

मुखवटा का उतरत होता, तेही त्याच नोंदीत होतं. रेम झोपेत जबडा सैल पडायचा, मुखवट्याच्या कडेने हवा गळायची, यंत्र दाब चढवत १२ पर्यंत न्यायचं, आणि तोंडावर आलेल्या झोताने जाग यायची. मग सीबीटी-आयच्या नियमाप्रमाणे ‘झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा’ म्हणून बाई मुखवटा काढून उठायच्या. परत आल्यावर तो पुन्हा चढवायचा कंटाळा. एका उपचाराचा नियम दुसऱ्याच्या मुळावर आला होता, आणि दोन्ही तज्ज्ञांना आपापल्या जागी सगळं नीट चाललंय असं वाटत होतं.

बदल लहान होते. मुखवटा फक्त नाकावरचा दिला, आणि तो बसवून पाहिला तो बाईंना आडवं करून, यंत्राचा दाब चालू ठेवून. स्प्रेमुळे नाक मोकळं झालं होतं, त्यामुळे हे शक्य झालं. कमाल दाब १० वर आणला, हवेत ओलावा वाढवला. जाग आली की यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, म्हणजे दाब खालून सुरू होतो. आणि उठायचं असेल तर मुखवटा न काढता फक्त नळीचा जोड सोडवायचा. असा जोड मुखवट्यावर आधीपासूनच होता. तो कोणी दाखवला नव्हता इतकंच.

परिणाम

सहा महिन्यांनी सरासरी वापर सव्वासहा तास आहे, आणि आलेखात पहाटेचे तासही भरलेले दिसतात. यंत्राने मोजलेला उरलेला एएचआय ३ आहे. रात्रीची लघवी एकदा किंवा अजिबात नाही. सकाळचं डोकं जड होणं सर्वांत आधी थांबलं. निद्रानाशाच्या तीव्रतेच्या मापनात २८ पैकी १९ गुण होते, ते ९ झाले. मुखवटा स्थिरावल्यानंतर झोपेची गोळी तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद केली. नैराश्यावरचं औषध चालू आहे आणि त्याचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ घेतील.

सगळंच सुटलेलं नाही. काही रात्री तीनला जाग अजूनही येते. वजन तीन किलो उतरलं. रक्तदाब दोन-चार अंकांनी कमी दिसतो, गोळी तीच आहे. सीपॅपने सरासरी एवढाच फरक पडतो. हृदयविकार टळेल असं आश्वासन बाईंना दिलं नाही, आणि ते बरंच केलं. २०१६ मधल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. तिथला सरासरी वापर रात्री साडेतीन तासांच्याही आत होता, हे जोडून सांगायला हवं. यजमान अजून दुसऱ्याच खोलीत झोपतात, आता खरोखरच वाचनामुळे.

वेगळं काय करता आलं असतं

झोपेची पहिली गोळी लिहिण्याआधी घोरण्याचा प्रश्न विचारता आला असता. पण ‘घोरता का?’ याला बाई कदाचित ‘नाही’च म्हणाल्या असत्या. ‘तुमच्या खोलीत कोण झोपतं? पूर्वीपासून तसंच आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर लपवणं अवघड जातं.

घरच्या चाचणीबद्दल विभागात अजून वाद आहे. अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची शिफारस अशी की घरची चाचणी नकारात्मक किंवा अनिर्णित आली तर प्रयोगशाळेतली करावी. ६ हा आकडा मात्र नकारात्मक नव्हता, ‘सौम्य’ होता. काहींच्या मते लक्षणं एवढी बोलकी असताना सरळ सीपॅप सुरू करून पाहायला हवं होतं. तसं केलं असतं तर वेळ वाचला असता, पण रेममधला ४७ हाती आला नसता. तो आकडा माहीत नसताना तिसऱ्या आठवड्यात पहाटेच्या तासांकडे कोणी इतकं निरखून पाहिलं असतं का, याची मला शंका वाटते.

मुखवट्याची निवड तर सरळ टाळता येण्यासारखी चूक होती. तोंडाला कोरड पडते म्हणजे तोंडावरही मुखवटा हवा, असं नाही. आधी नाक मोकळं करून पाहावं. नाक-तोंड झाकणारे मुखवटे जास्त गळतात आणि लोक ते कमी वापरतात, हा या क्षेत्रातला नेहमीचा अनुभव आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मानसोपचारतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ यांची एखादी भेट झाली असती, तर नियमांची टक्कर तेव्हाच ध्यानात आली असती.

हिरड्यांचे उपचार आता संपत आले आहेत. दात घट्ट राहिले तर प्रवासापुरतं जबड्याचं साधन करून पाहायचं, असं बाईंशी ठरलं आहे. ते लावून पुन्हा प्रयोगशाळेत रात्र काढावी लागेल, आणि त्या अहवालात रेमचा एएचआय वेगळा दिला जावा असं चाचणीच्या चिठ्ठीवर आत्ताच लिहून ठेवलं आहे.